आवडत्या गायकाचा एक तरी कार्यक्रम कॅमेरा घरी ठेवून बघावा!

उजेडवाला

नमस्कार मंडळी. राहणार सांगली, विश्रामबाग. पोट लग्नाच्या फोटोंवर चालतं, जीव मात्र स्टेजवरच्या उजेडात अडकलेला. एक मत मांडतोय, पटलं नाही तर बिनधास्त सांगा.

1 फेब्रुवारी 2008. मुंबई, बीकेसी मैदान. ब्रिटिश हेवी मेटल बँड आयर्न मेडनचा जगभराचा दौरा त्या रात्री आपल्या मुंबईतून सुरू झाला. गायक ब्रूस डिकिन्सन हा परवानाधारक वैमानिक. बँड, सगळी माणसं आणि सामान घेऊन बोइंग 757 उडवत तो आला होता. कॉलेजच्या दिवसांपासून माझ्या भिंतीवर याच माणसाचं पोस्टर. एका मासिकामुळे फोटोपास हातात पडला आणि मी महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई गाठली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोठ्या कार्यक्रमात फोटोग्राफरला स्टेज आणि कठडा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत सोडतात. पहिली तीन गाणी, फ्लॅश बंद. तिसरं गाणं संपलं की बाहेर. त्या दौऱ्यात चौथं गाणं होतं 'द ट्रूपर', म्हणजे डिकिन्सन युनियन जॅक फडकवत स्टेजभर धावतो ते. लहानपणापासून डोळ्यांपुढे असलेलं दृश्य. ते सुरू झालं तेव्हा मी बाजूच्या फाटकाशी लेन्सला टोपण लावत होतो. मैदानाचा गजर तेवढा कानावर आला.

त्या तीन गाण्यांचे फोटो मात्र चांगले आलेत. एक तर अजून स्टुडिओत लावलेला आहे: स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरवर एक पाय, गुडघा वर, माइक हनुवटीला टेकलेला, मानेची शीर ताठ. त्या फोटोचं सगळं गणित तोंडपाठ आहे. आयएसओ 1600, एफ 2.8, 1/250. पण गाणं कसं झालं विचारलंत तर एक ओळ सांगता येणार नाही. डोकं सगळं प्रकाशमापनात होतं.

2025 च्या जूनमध्ये लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो. 28 तारखेला लंडन स्टेडियमवर मेडन. बँडला 50 वर्षं झाली म्हणून काढलेला दौरा. फोन खिशात ठेवा आणि कार्यक्रम डोळ्यांनी बघा, अशी विनंती बँडनं आधीच केली होती. कॅमेरा नेण्याचा प्रश्नच नव्हता. साधं तिकीट काढून गर्दीत उभा राहिलो.

2008 ला डिकिन्सन 49 वर्षांचा होता, केस बारीक कापलेले. आता 66, आणि केस लांब, पांढरे. मधल्या काळात, 2015 साली, जिभेच्या मागच्या बाजूच्या कॅन्सरवर उपचार झाले. गाणाऱ्या माणसाला याहून वाईट जागी काय व्हायचं? आणि तो गातोय! मी पहिल्यांदाच त्याचा श्वास बघितला. लांब तान घ्यायच्या आधी गुडघे किंचित वाकतात, खांदे अजिबात हलत नाहीत, पोटातून उचलतो. ओळ संपली की माइक लगेच खाली, आणि नजर ड्रमरकडे. ड्रमर नवीन आहे ना, निको मॅकब्रेननं डिसेंबर 2024 ला दौरे थांबवले. हे सगळं व्ह्यूफाइंडरमधून मला कधीच दिसलं नसतं. झेंडाही बघितला. पुरता, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

तर माझं म्हणणं असं की प्रत्येक फोटोग्राफरनं आपल्या आवडत्या कलावंताचा एक तरी कार्यक्रम कॅमेरा घरी ठेवून बघावा. तुम्हाला काय वाटतं?

ड्रॉप_डी

अप अप अप द आयर्न्स!!! सांगलीत मेडनचा माणूस आहे आणि मला आज कळतंय? दादा, मी वालचंदला होतो. 2007 ला हॉस्टेलवर एकाच्या कॉम्प्युटरवर सगळ्या डिस्कोग्राफ्या, रात्री पेनड्राइव्हसाठी रांग. मार्च 2007 ला ते बंगळूरला पॅलेस ग्राउंडवर पहिल्यांदा भारतात आले तेव्हा आमच्यातले चौघे मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडून गेले. माझी परीक्षा होती. आजही ते चौघे भेटले की मी विषय बदलतो.

धाग्याची वाचनखूण साठवली.

कृष्णाकाठची

छान लिहिलंय. मला रॉकमधलं काही कळत नाही, पण श्वासाचं वर्णन वाचून बरं वाटलं. गाणं शिकणाऱ्यांना आम्ही हेच सांगत असतो, खांदे उचलू नका म्हणून. गायकी कुठलीही असो, शरीर तेच.

रोल36

उजेडवाला, तुमच्या भावना समजल्या, पण मत साफ अमान्य.

कॅमेरा डोळ्यापुढे आला की दिसणं कमी होतं, हे ज्यांना कॅमेरा सांभाळावा लागतो त्यांचं. जो वर्षानुवर्षं एकाच कलावंताच्या मागे फिरला त्याला कॅमेरा जाणवतही नाही. पेनी स्मिथचं उदाहरण घ्या. सप्टेंबर 1979, न्यूयॉर्कचं पॅलेडियम. क्लॅश या पंक बँडचा बासवादक पॉल सिमोनन वैतागून बास गिटार स्टेजवर आपटतोय. ही बाई बँडबरोबर दौऱ्यावर होती, त्याची चाल ओळखून होती. काहीतरी बिनसलंय हे तिला कळलं, मागे सरकता सरकता तिनं फोटो काढला. किंचित हललेला, फोकस गेलेला. तिला स्वतःला तो नकोच होता, बँडनं हट्ट धरला आणि 'लंडन कॉलिंग' अल्बमच्या मुखपृष्ठावर तोच गेला. रॉकमधला सगळ्यात गाजलेला फोटो म्हणून लोक आज तोच दाखवतात.

ती त्या रात्री कॅमेरा घरी ठेवून 'नुसतं बघायला' आली असती तर?

आणखी एक. तुम्हाला 2008 चा गुडघा आणि शीर आजही लख्ख आठवते, कारण फोटो आहे. लंडनचा श्वास अजून दहा वर्षांनी इतका स्पष्ट राहील का, सांगा.

उजेडवाला

@रोल36, पेनी स्मिथचं बरोबर आहे, आणि माझं म्हणणं त्यातच आहे. ती बँडबरोबर राहत होती. जेवताना, गाडीत, तालमीत बघितलेलं तिच्या डोक्यात होतं, म्हणून बोट वेळेवर पडलं. आम्हाला मिळतात तीन गाणी. पहिल्या तीन गाण्यांत गायकाला घामसुद्धा आलेला नसतो. म्हणून तर जगभरातल्या सगळ्या पासवाल्यांचे फोटो एकसारखे दिसतात. मेडनचा स्वतःचा फोटोग्राफर जॉन मॅकमर्ट्री त्याच 757 मधून त्यांच्याबरोबर फिरला, त्याचे त्या दौऱ्याचे फोटो बघा. त्याच्याकडे विमानातली झोप आहे, दमलेले चेहरे आहेत, स्टेजच्या मागून दिसणारी माणसं आहेत.

आठवणीचं म्हणाल तर मी लंडनहून परत आलो त्या रात्रीच वहीत उतरवून काढलं. काढलेल्या फोटोबद्दल असं चार पानं लिहायची गरज मला कधी पडली नव्हती.

तिसरी_घंटा

आमच्या नाटकवाल्यांकडे यावर जुना तोडगा आहे. भावे नाट्यमंदिरात हौशी नाटकांचे फोटो काढायचो. फोटो रंगीत तालमीला. पूर्ण वेशभूषा, पूर्ण प्रकाशयोजना, प्रेक्षक नाहीत, हवं तिथे उभं राहा, एखादा प्रसंग पुन्हा करून मागा. प्रयोगाच्या रात्री कॅमेरा बॅगेत आणि आपण खुर्चीत. प्रयोगात शटरचा आवाज आला तर नट चिडतो आणि शेजारचा प्रेक्षक त्याहून जास्त. 1843 ला विष्णुदास भाव्यांनी याच गावात 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा फोटोग्राफर नव्हते, त्यामुळे त्यांना हा ताप झाला नाही. :)

रॉकवाले तालमीला फोटोग्राफर बोलावत नाहीत का?

उजेडवाला

साउंडचेकला बोलावतात, पण ओळखीच्यांनाच. आणि तिथे दिवे नसतात हो. ट्यूबलाइटमधला गिटारवाला.

खटका

मी मंडप-लाइट-साउंडवाला. दिव्यांवर दोन शब्द बोलतो, कारण 2008 आणि 2025 मध्ये माणसापेक्षा उजेड जास्त बदललाय.

तेव्हा सगळीकडे पार कॅन. पार 64, एकेक हजार वॉटचा, पुढे रंगीत जेलचा कागद. तापायचा इतका की लावणाऱ्याच्या हातावर डाग. पण त्या दिव्याची लाल छटा त्वचेवर यायची तेव्हा खाली त्वचा दिसायची. आताच्या एलईडीत शुद्ध लाल किंवा शुद्ध निळा टाकला की कॅमेऱ्यात तेवढा एकच रंग भरून वाहतो, चेहऱ्याचा नुसता रंगीत ठिपका होतो, नाक-डोळे गायब. वर एलईडी डोळ्याला न दिसेल इतक्या वेगानं उघडझाप करतो. नवीन पोरं मिररलेस कॅमेऱ्यावर आवाजविरहित शटर लावतात आणि फोटोत आडवे काळे पट्टे येतात. मग आम्हाला शिव्या, 'तुमचे लाइट खराब'. बाबांनो, यांत्रिक शटर लावा, वेग थोडा उतरवा, आणि लाल-निळ्यात काढूच नका. लाइटवाला पांढरा टाकतो ती वेळ ओळखा. गाणं ऐकणाऱ्याला ती कळते. ध्रुवपद संपून गिटार सुरू झाली की बहुतेक येतोच.

म्हणजे फोटो काढायलाही गाणं ऐकावंच लागतं, असं आमचं मत.

ड्रॉप_डी

खटका काका, शेवटच्या ओळीसाठी माझ्याकडून एक भडंगाचं पाकीट.

खटका

दोन पाठव की. कांदा-लिंबू मी घालतो.

तंतुवाद्य_गल्ली

मिरजेचा आहे. इकडचं थोडं सांगतो, विषयाला धरूनच आहे.

मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसात गाण्याची सभा असते, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत. खाँसाहेब 1937 ला गेले, त्यांची कबर दर्ग्याच्या आवारातच आहे. रात्रभर बैठक, समोर सतरंजीवर माणसं. माझे थोरले बंधू तिथे फोटो काढायचे. फिल्मचा जमाना. ट्राय-एक्स 400 एएसएची, ती 1600 धरून वापरायची आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. दाणा मोठा येतो, पण बल्बच्या उजेडात चेहरा मिळतो. फ्लॅश वापरला तर एखादं जुनं खोड 'ए दिवा बंद कर' म्हणून ओरडणार हे नक्की.

रोल छत्तीसचा आणि परवडायचा एकच. त्यामुळे बंधू आधी ऐकत बसायचे. विलंबित संपेपर्यंत कॅमेरा मांडीवर. गायक कुठल्या जागेला डोळे मिटतो, कुठे हात कानाकडे जातो, सगळं बघून घ्यायचे, आणि द्रुत सुरू झाल्यावर मोजून फोटो. रोल36 आणि उजेडवाला, तुम्ही दोघंही एका रात्रीत बसता की!

आता प्रश्न. तिथल्या एका गायकाला बंधू वर्षानुवर्षं टिपत राहिले. शेवटच्या काही वर्षांत आवाज उतरला होता, हात थरथरायचा. बंधूंनी ते फोटो काढले, पण कुणाला दाखवले नाहीत. दाखवायला हवे होते का? मला अजून ठरवता येत नाही.

कृष्णाकाठची

तंतुवाद्य_गल्ली, फार जड प्रश्न आहे. मला वाटतं त्या कलावंताच्या घरच्यांना दाखवावेत. बाकी जगाला नाही दाखवले तरी चालेल.

रोल36

असहमत. थरथरणारा हातही त्याच्या गाण्याचाच भाग आहे. फक्त तरुणपणचे फोटो जपायचे म्हणजे आपण आपल्या आवडीला जपतो, त्या माणसाला नाही. उजेडवाल्यांनी 66 व्या वर्षीचे पांढरे केस किती मायेनं लिहिलेत! त्याचा फोटो असता तर मी भिंतीवर लावला असता.

दुष्काळी_भागातला

जत तालुका. वाचतोय. लेको, आमच्याकडे जत्रेतला ऑर्केस्ट्रा हाच रॉक. पण तिथला गायक गेली वीस वर्षं तोच आहे आणि मी दर यात्रेला मोबाइलवर त्याचा एक फोटो काढतो. सगळे ओळीनं लावले तर शर्ट तेवढे बदललेत, माणूस तसाच.

ड्रॉप_डी

ते टाका की धाग्यावर! हीच तर गंमत आहे.

गावभाग_पेठ

थोडं अवांतर. जुने फोटो म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या गावभागात पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा वडिलांची निगेटिव्हची ट्रंक खालच्या खोलीत होती. पाणी उतरल्यावर उघडली तर चिखल आणि एकमेकांना चिकटलेल्या पट्ट्या. शेजाऱ्यांनी सांगितलं उन्हात वाळवा. नशीब, आमच्या मावसभावाला प्रयोगशाळेतलं काम ठाऊक होतं. त्यानं हात धरला. ओल्या निगेटिव्ह तशाच वाळल्या तर वरचा जिलेटिनचा थर शेजारच्या पट्टीला चिकटून बसतो आणि ओढला की चित्र निघून येतं. त्यानं सगळ्या पट्ट्या स्वच्छ थंड पाण्याच्या बादलीत सोडल्या, पाण्यातच बोटांनी एकेक सुटी केली, पुन्हा धुतली आणि चिमट्यांनी दोरीवर टांगली, धूळ नसलेल्या खोलीत, पंखा बंद. मधल्या भागाला हात लावायचा नाही, कडेनंच धरायचं. जेवढ्या त्या दिवशी जमणार नव्हत्या तेवढ्या पिशवीत घालून शेजारच्या फ्रीजरमध्ये. बऱ्याच वाचल्या. आईचा विलिंग्डन कॉलेजच्या स्नेहसंमेलनात गातानाचा फोटो त्यातच निघाला. आम्हाला तर ती गायची हेच माहीत नव्हतं.

उजेडवाला दादा, तुमच्या 2008 च्या फाइल कुठे आहेत? विश्रामबाग उंचावर आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

उजेडवाला

ताई, उपयोगी माहिती. प्रशासकांना विनंती, हा प्रतिसाद पावसाळ्याच्या धाग्यावरही डकवा.

माझ्या फाइल तेव्हा डीव्हीडीवर घेतल्या होत्या. डीव्हीडी आपोआप खराब होतात, म्हणून मग हार्डडिस्कवर. एक प्रत इथे, एक पुण्याला बहिणीकडे.

बीकेसी_डावी_बाजू

हा धागा कुणीतरी पाठवला म्हणून खास सदस्यत्व घेतलं. मूळची मिरजेची, आता ठाण्यात. 1 फेब्रुवारी 2008 ला मी तिथे होते! कठड्याला चिकटून, स्टेजच्या डाव्या बाजूला. दुपारपासून उन्हात उभी. आमच्या पुढे तुम्ही फोटोग्राफर मंडळी वाकून पळत होतात आणि आम्ही ओरडत होतो, 'खाली बसा!' सुरुवातीला चर्चिलचं भाषण लागलं, मग स्फोट, मग डिकिन्सन उडी मारून पुढे आला. पुढचं 'ट्रूपर' तुम्ही बघितलं नाहीत याचं वाईट वाटलं. आमच्या बाजूला येऊन त्यानं झेंडा फिरवला तेव्हा कापडाचा वारा चेहऱ्यावर आला, असं मी सगळ्यांना सांगत असते. मैत्रीण म्हणते एवढ्या लांबून वारा येणं शक्य नाही. मला आला.

पण एक सांगू? माझ्याकडे त्या रात्रीचा एकही फोटो नाही. तेव्हाचा माझा फोन तसल्या अंधारात काळं चित्र काढायचा. मी पूर्ण कार्यक्रम डोळ्यांनी बघितला, तुम्ही म्हणता तसाच, आणि आज कुणी त्या रात्रीचा फोटो दाखवला तर मी त्यासाठी सांगलीपर्यंत येईन. तेव्हा 'कॅमेरा घरी ठेवा' हे ज्याच्याकडे फोटो आहेत त्याला म्हणायला सोपं आहे. रागावू नका.

रोल36

हेच! हेच मला म्हणायचं होतं आणि ताईंनी माझ्यापेक्षा बरं म्हटलं.

तिसरी_घंटा

ताई, वारा आला असणार. रंगमंचावरचा वारा पहिल्या रांगेला लागतोच.

उजेडवाला

@बीकेसी_डावी_बाजू, रागावतोय कशाला. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्याकडे चौथ्या गाण्यापासूनची रात्र आहे आणि माझ्याकडे पहिल्या तीन गाण्यांची. मी पट्टीत असताना मागे वळून गर्दीचेही फोटो काढले होते. मासिकाला नको होते म्हणून कधी उघडले नाहीत. आज रात्री डावी बाजू शोधतो. कपडे कसले होते ते कळवा.

बीकेसी_डावी_बाजू

काळा टीशर्ट.

ड्रॉप_डी

काका, सोपं आहे. तिथल्या हजारोंपैकी ज्याचा टीशर्ट काळा आहे ती व्यक्ती.

तंतुवाद्य_गल्ली

हाहा. बरं, पुन्हा मूळ मुद्द्यावर. उजेडवाला, सरळ उत्तर द्या. उद्या मेडन परत मुंबईत आले आणि तुम्हाला पास मिळाला. घेणार की तिकीट काढणार?

उजेडवाला

विचार करून लिहितोय.

दोन्ही. तिकीट काढणार आणि पासही घेणार. पहिल्या दोन गाण्यांत स्टेज. तिसऱ्या गाण्याला पाठ स्टेजकडे आणि कॅमेरा कठड्यावरच्या माणसांकडे, कारण डिकिन्सनचे फोटो काढायला मॅकमर्ट्री आहे, पण मिरजेहून आलेल्या पोरीचे कोण काढणार? मग कॅमेरा सामानघरात जमा करून तिकिटावर परत आत, चौथ्या गाण्यापासून शेवटपर्यंत. रोल36 आणि ताईंमुळे मत एवढं सरकलं. पण शेवटचा भाग सोडणार नाही. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला मोकळ्या डोळ्यांनी बघायचं सुख मला 2025 पर्यंत माहीत नव्हतं, आणि ते मी आता कुठल्याही फोटोसाठी देणार नाही.

रोल36

दोन गाणी स्टेज, एक गाणं माणसं. मान्य. सही करायला येतो.

खटका

तिसऱ्या गाण्यात गर्दीवर पांढरा उजेड कधी पडतो ते आधी लाइटवाल्याला विचारून ठेवा. बहुतेक जण सांगतात, चहा पाजला की.

गावभाग_पेठ

तंतुवाद्य_गल्ली, बंधूंच्या त्या फोटोंचं काय ठरलं?

तंतुवाद्य_गल्ली

गायकाच्या नातवाला फोन केला. तो कोल्हापूरला असतो. रविवारी निगेटिव्ह घेऊन जातोय. स्कॅन करून देणारं कुणी माहितीत असेल तर सांगा, 35 मिलिमीटर, काळ्यापांढऱ्या, काही पट्ट्यांवर बुरशी आहे.

उजेडवाला

माझ्याकडे या, स्टुडिओत स्कॅनर आहे. पैसे नकोत. बुरशीच्या पट्ट्या वेगळ्या पाकिटात आणा, बाकीच्यांना लागेल. आणि घरी पाण्यानं पुसू नका, बुरशीनं जिलेटिन खाल्लेलं असतं, पाणी लागलं की चित्रच विरघळतं. शनिवारी सकाळी अकरानंतर मोकळा आहे.